वाळू वाचायची, पाणी वाचायचे
(कतारच्या सहलीवरचा पाठ : मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी)



‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी तुम्ही भारतात एखाद्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवर पाहिली असेल. मराठीत ‘वाचणे’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. पुस्तक वाचणे आणि जीव वाचणे. आजच्या पाठात हे दोन्ही अर्थ एकत्र येणार आहेत, पण पुस्तक मात्र नाही. आज आपण वाळू, वारा आणि पाणी वाचायला शिकणार आहोत.

नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या दिवसांत नजमातली कितीतरी कुटुंबे गाडीवर होडी बांधून किंवा मागे मोटारसायकल जोडून सहलीला निघतात. कतार हा द्वीपकल्प दक्षिणोत्तर सुमारे १६० किलोमीटर लांब आणि पूर्व-पश्चिम सुमारे ८० किलोमीटर रुंद आहे. म्हणजे लांबी साधारण मुंबई-नाशिक अंतराएवढी! चांगल्या रस्त्याने सारा देश एका दिवसात पालथा घालता येतो. पण डांबरी रस्ता सोडला की हिशेब बदलतो. तिथे पाट्या नसतात. जमीनच पाटी असते, आणि ती आपल्याला वाचावी लागते.

१. उत्तरेला : खाडी आणि वल्हे

दोह्याहून उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर अल खोर हे गाव आहे. अरबीत ‘खोर’ म्हणजे खाडी. त्याच्या पुढे अल थखीरा लागते. ‘शस्त्रांचा जखिरा सापडला’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो ना? तो ‘जखिरा’ आणि हे ‘थखीरा’ मुळात एकच अरबी शब्द आहे. अर्थ : साठा.

येथे खाऱ्या पाण्यात हिरवीगार झाडी उभी आहे. हे झाड आपल्या ओळखीचे आहे. कोकणात त्याला ‘तिवर’ म्हणतात. त्याच्या पानाला जीभ लावून पाहा, खारट लागेल. मुळांनी शोषलेले जास्तीचे मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोके म्हणजे त्याची श्वास घेणारी मुळे. त्यांवर पाय देऊ नये, होडीही घासू नये.

या झाडीतून अरुंद पाणवाटा जातात आणि त्यांत लहान होडी वल्हवता येते. मात्र ओहोटी लागली की वाटेतले पाणी घोट्याएवढे होते आणि होडी चिखलात बसते. म्हणून आधी भरतीची वेळ पाहायची.

कोकणातल्या जुन्या लोकांकडे यासाठी एक सोपे गणित आहे. तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे साधारण तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते आणि उतरते, ते ‘उधाण’. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, तो ‘भांग’.

मग हे गणित थखीऱ्याला लावावे का? नाही! ते आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठी बसवलेले आहे. तिथे समोर मोकळा अरबी समुद्र आहे. इथले आखात जवळजवळ चहूबाजूंनी बंद आणि उथळ आहे, सरासरी खोली सुमारे ३५ मीटर. त्यात महासागराचे पाणी होर्मुझच्या चिंचोळ्या तोंडातून येते-जाते. त्यामुळे इथल्या भरतीचे घड्याळ वेगळे चालते. ‘भरती’, ‘ओहोटी’, ‘उधाण’, ‘भांग’ हे शब्द आपले इथेही चालतात, वेळापत्रक मात्र इथलेच पाहावे लागते. परदेशी राहणाऱ्या आपणा सर्वांनाच ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाण्यानंतर वारा वाचायचा. कतारमध्ये बहुतेक वेळा वायव्येकडून वारा वाहतो. त्याला इथे ‘शमाल’ म्हणतात. शमाल म्हणजे उत्तर. थखीरा पूर्व किनाऱ्यावर आहे, म्हणून हा वारा होडीला किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राकडे ढकलतो. जाताना हलके हलके वाटते आणि परतताना हात भरून येतात. यावर जुना उपाय असा : आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि थकल्यावर वाऱ्याबरोबर परत यावे.

वल्ह्याची गोष्ट निघाली आहे तर एक नाव ऐकून ठेवा : दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातले चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव, पाण्याची टंचाई सोसणारे. पुढे सैन्यात गेल्यावर त्यांनी वल्हे हातात घेतले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते भारताकडून नौकानयनात उतरले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक विजेते ठरले. कोरड्या गावातला मुलगा पाणी वाचायला शिकू शकतो, मग वाळवंटात वाढणारी तुम्ही मुले का नाही?

२. वाटेत : दगडावरच्या होड्या

थखीऱ्याच्या पुढे उत्तरेला अल जस्सासिया येथे खडकांवर सुमारे ९०० कोरीव चित्रे आहेत. त्यांत होड्याही आहेत, जणू आकाशातून पाहून काढलेल्या. दोन्ही बाजूंना वल्ह्यांच्या रेघा असल्यामुळे होडी गोमेसारखी दिसते. त्या कोरणारे लोक वल्हे चांगले ओळखत होते, यात शंका नाही.

वायव्य किनाऱ्यावर अल झुबारा आहे. मोत्यांच्या व्यापारावर भरभराटीला आलेले हे शहर पुढे ओस पडले. त्याचे अवशेष २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. जवळचा किल्ला मात्र १९३८ चा आहे.

३. पश्चिमेला : फसवी सपाटी

पश्चिमेला दुखानजवळ जमीन समुद्रसपाटीपेक्षाही खाली गेली आहे. तिथे पांढरट, सपाट, टणक दिसणारे मैदान लागते. त्याला अरबीत ‘सबखा’ म्हणतात. आपल्याकडच्या खाजणाची ही लांबची बहीण. वर मिठाची वाळलेली खपली आणि खाली ओला चिखल. मोटारसायकल भरधाव सोडायला याहून छान जागा नाही असे वाटते, आणि तिथेच चाक रुतते. ओळखायचे कसे? रंग गडद व ओलसर दिसला, किंवा पायाने दाबल्यावर खपली मोडली, तर मागे फिरावे. जुन्या चाकोऱ्या असतील तर त्यांतूनच जावे.

४. दक्षिणेला : वाळूच्या चंद्रकोरी

मेसईदच्या पुढे सीलाइनपासून वाळूच्या उंच टेकड्या सुरू होतात. मोटारसायकलवाल्यांची सर्वांत मोठी गर्दी इथेच.

इथल्या बऱ्याच टेकड्या वरून पाहिल्या तर चंद्रकोरीसारख्या दिसतात. वायव्येचा वारा वाळू ढकलत नेतो. त्यामुळे वाऱ्याकडची बाजू लांब आणि उताराची होते, तर पलीकडची एकदम तीव्र. कोरीची दोन्ही टोके वारा जातो त्या दिशेला, म्हणजे साधारण आग्नेयेला असतात. हे कळले की टेकडी हीच होकायंत्र होते!

आता यातला धोका पाहा. दोह्याहून दक्षिणेकडे निघालेला माणूस टेकडीच्या सौम्य बाजूनेच वर चढतो. चढ गुळगुळीत लागतो, वेग वाढतो आणि माथ्यावर पोहोचल्यावर पुढची जमीन अचानक संपते. खाली कडाच. पलीकडून कोणी येत असेल तर तोही दिसत नाही. म्हणून माथ्याआधी वेग कमी करावा, आणि एकाने चालत वर जाऊन पलीकडे पाहून हात करावा. गाडीला उंच काठीवर झेंडा लावतात तो शोभेसाठी नव्हे. माणूस दिसण्याआधी झेंडा दिसतो.

वाळूत मोटारसायकल चालवण्याची रीतही रस्त्याच्या उलट आहे. घाबरून एकदम वेग सोडला की वजन पुढे येते, पुढचे चाक खुपसते आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. म्हणून पायदानावर उभे राहावे, अंग थोडे मागे ठेवावे, वेग हलका पण सतत द्यावा आणि नजर चाकावर नव्हे तर दूर ठेवावी.

सोबतच्या मोटारीच्या चाकांत रस्त्यावर ३० ते ३५ पौंड हवा असते. वाळूत ती १५ ते १८ पर्यंत उतरवतात. त्यामुळे टायर पसरतो आणि भार जास्त जागेवर वाटला जातो. उंटाचा पसरट पाय हेच काम करतो. रस्त्यावर परतण्याआधी मात्र हवा भरलीच पाहिजे.

डकार ही जगातली सर्वांत अवघड समजली जाणारी रॅली २०२० पासून शेजारच्या सौदी अरेबियात भरते. २०२४ मध्ये केरळच्या हरित नोआने तिथे मोटारसायकलच्या रॅली-२ गटात पहिला क्रमांक मिळवला. या स्वारांना वाटाड्या नसतो. खुणा आणि अंतरे लिहिलेली वही हँडलजवळ असते. ती वाचत वाचत शेकडो किलोमीटर जायचे! म्हणजे तिथेही नुसते जोरात पळवणाऱ्यापेक्षा नीट वाचणारा पुढे राहतो.

अगदी दक्षिणेला खोर अल उदैद आहे. इथे समुद्र अरुंद वाटेने वाळूत आत शिरला आहे आणि टेकड्यांचे पाय पाण्यात बुडालेले दिसतात. वाळू आणि पाणी दोन्ही वाचता आल्याशिवाय इथे येऊ नये. एकट्या गाडीने तर कधीच नाही.

५. शब्दांचा प्रवास

या सहलीत तुम्ही ‘नकाशा’ पाहिला, ‘मुक्काम’ केला, ‘किल्ला’ पाहिला, ‘मजल’ मारली आणि चाकातली ‘हवा’ कमी केली. हे सगळे मराठी शब्द मूळ अरबीतून आले आहेत. ‘सफर’ सुद्धा! शाळेतल्या अरबी मित्राला हे शब्द म्हणून दाखवा. काही तो लगेच ओळखेल.

पालकांसाठी दोन शब्द

चार चाकांची वाळूतली मोटारसायकल खेळण्यासारखी दिसते, पण उलटली तर तिचे वजन मुलाच्या छातीवर येते. मोठ्यांसाठी बनवलेले वाहन लहान मुलाच्या हाती देऊ नये, ‘फक्त एक फेरी’ म्हणूनही नाही. हेल्मेट, पायात बूट आणि होडीत तरंगणारे जाकीट याला अपवाद नको. दोन गाड्या, भरपूर पिण्याचे पाणी, फावडे आणि हवा भरण्याचा पंप जवळ असावा. कुठे जाणार व कधी परतणार हे शेजाऱ्याला सांगून निघावे. मूल ‘इथे नको, भीती वाटते’ म्हणाले तर हसू नये. कदाचित त्याने तुमच्याआधी जमीन वाचली असेल.

शब्दार्थ

वल्हे – होडी चालवण्याचे लाकडी साधन
तिवर – खाऱ्या चिखलात वाढणारे झाड
खाजण – भरतीचे पाणी शिरणारी खारट, दलदलीची जमीन
उधाण – मोठी भरती
वायव्य – उत्तर व पश्चिम यांच्यामधली दिशा
आग्नेय – दक्षिण व पूर्व यांच्यामधली दिशा
चाकोरी – चाकांमुळे पडलेली वाट

स्वाध्याय

१. कोकणातल्या गणिताने द्वादशीला भरती किती वाजता असेल? हे गणित थखीऱ्याला का चालत नाही?
२. वाळूच्या चंद्रकोरीचे चित्र काढा. वाऱ्याची दिशा, सौम्य बाजू आणि तीव्र बाजू दाखवा.
३. ‘वाचणे’ हा शब्द दोन अर्थांनी वापरून दोन वाक्ये लिहा.
४. आजी-आजोबांना फोन करून विचारा : त्यांच्या गावी पाणी, वारा किंवा जमीन ओळखण्याची कोणती खूण होती? पुढच्या वर्गात पाच ओळी लिहून आणा.