कपाळाला वळ्या पाडण्याआधी

टीव्ही मालिकेसाठी परग्रहवासी घडवायला बसलेला लेखक बहुतेक वेळा चेहऱ्यापासून सुरुवात करतो. निळी कातडी, तिसरा डोळा, कपाळावर हाडांच्या वळ्या. हे काम शेवटी करायचं असतं. परग्रहवासी लक्षात राहतात ते त्यांना पाळाव्या लागणाऱ्या एखाद्या नियमामुळे, आणि चेहरा त्या नियमाला नंतर येऊन चिकटतो. खालची कृती त्याच क्रमाने करावी.

पहिली पायरी म्हणजे एक वाक्य लिहायचं. त्यात विशेषणं नकोत, क्रियापद हवं. ‘ही जमात क्रूर आणि गर्विष्ठ आहे’ हे चालणार नाही, कारण नटाच्या हाताला त्यातून काहीच लागत नाही. ‘कुणी बघत असेल तर हे दगड होतात’ हे चालेल. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेतल्या वीपिंग एंजल्सचं सगळं भांडवल एवढंच आहे. स्टीव्हन मोफात यांनी लिहिलेला ‘ब्लिंक’ हा भाग बीबीसीवर ९ जून २००७ रोजी दाखवला गेला. पंख असलेल्या देवदूतांचे पुतळे, नजर हटली की पुढे सरकणारे आणि नजर वळली की जागच्या जागी थिजणारे. अख्ख्या भागात त्यातला एकही पुतळा प्रत्यक्ष हलताना दिसत नाही. एका शॉटमध्ये हात डोळ्यांवर असतात, पुढच्यात खाली आलेले असतात, त्यापुढच्यात दात विचकलेले. अंगाला दगडी रंग फासून अभिनेत्री निश्चल उभ्या राहिल्या आणि हालचालीचं काम संकलनाने केलं. गंमत अशी की गोष्टीतल्या पात्रांची पाठ असते, फक्त आपण बघत असतो, तेव्हाही एंजल हलत नाही. म्हणजे घरात सोफ्यावर बसलेल्याची नजरही मोजली जाते. त्या आठवड्यात किती मुलांनी डोळे न मिटण्याचा खेळ केला असेल, कुणास ठाऊक.

वाक्य तयार झालं की त्याला लगेच विचारा: हाच नियम यांना कसा अडकवेल? ‘ब्लिंक’मध्ये चार एंजल मालिकेचा नायक डॉक्टर ज्यातून प्रवास करतो त्या निळ्या पेटीला चहूबाजूंनी वेढतात. पेटी मधून अदृश्य होते आणि चौघं एकमेकांसमोर येतात. आता प्रत्येकाकडे कुणीतरी बघतंय, त्यामुळे कुणीच हलू शकत नाही. सुटका नियमातूनच निघाली. तुमच्या जमातीला हरवायला शेवटच्या पाच मिनिटांत बाहेरून एखादं नवं यंत्र आणावं लागत असेल, तर वाक्य फाडा आणि नवं लिहा.

दुसरी पायरी शरीराची. इथे पहिला प्रश्न असा, की माणसाची आकृती मोडता येईल का? ‘डॉक्टर हू’साठी दॅलेक ही जमात लिहिणाऱ्या टेरी नेशन यांना ते पोशाखातल्या माणसासारखे मुळीच दिसायला नको होते. बीबीसीचे नेपथ्यकार रेमंड क्यूसिक यांनी पाय काढून टाकले, तळाशी घेरदार घागरा दिला, आत नट बसवला आणि त्याने पायांनी ते खोकं ढकलायचं ठरलं. हाताच्या जागी आला मोरी तुंबल्यावर वापरतात तसला रबरी पंप. आवाज दुसऱ्याच नटाचा, तोही रिंग मॉड्युलेटर नावाच्या यंत्रातून खरखरीत करून काढलेला. कागदावर हे सगळं हास्यास्पद वाटतं, पण पडद्यावर वाटलं नाही. त्याचं श्रेय बरंचसं पहिल्या दर्शनाला आहे. २१ डिसेंबर १९६३ च्या भागाच्या शेवटी डॉक्टरची सहप्रवासी बार्बरा भिंतीला पाठ टेकून किंचाळते आणि चौकटीत फक्त तो रबरी हात दिसतो. पूर्ण दॅलेक पुढच्या आठवड्यात. मधले सात दिवस प्रेक्षकाने स्वतःच त्याला आकार दिला. तुम्हीही पहिल्या दृश्यात एकच अवयव दाखवा.

पाय काढले की अडचण येणारच: हे जिना कसा चढणार? इंग्लंडमध्ये यावर वर्षानुवर्षं विनोद झाले. मग १९८८ मध्ये ‘रिमेंबरन्स ऑफ द दॅलेक्स’मध्ये डॉक्टर तळघराच्या जिन्यावर अडकतो आणि खालचा दॅलेक तरंगत पायऱ्या चढू लागतो. पंचवीस वर्षं साठलेला विनोद तिथे वसूल झाला. उणीव झाकायची घाई करू नये, असं मला यावरून वाटतं.

पैसे फारच कमी असतील तर ‘स्टार ट्रेक’कडे बघा. १९६६ च्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागात रोम्युलन ही शत्रू जमात पहिल्यांदा आली. त्यांचे कान टोकदार, पण प्रत्येक नटाला तसे कान बसवणं परवडणारं नव्हतं, म्हणून बऱ्याच जणांना शिरस्त्राणं घातली आणि कान झाकले. ज्यांचे दिसले ते हुबेहूब स्पॉक या जहाजावरच्या व्हल्कन अधिकाऱ्यासारखे. लेखकाने या साम्याला सरळ गोष्टीत ओढलं: शत्रू स्पॉकसारखा दिसतो म्हटल्यावर जहाजावरचाच एक अधिकारी स्पॉककडे संशयाने बघू लागतो. युद्धाची गोष्ट वंशद्वेषाची झाली.

तिसरी पायरी हावभावाची, आणि इथे नटाचं ऐका. ‘द एनिमी विदिन’मध्ये स्पॉकने शस्त्राच्या दस्त्याने फटका मारायचा, असं पटकथेत होतं. स्पॉकची भूमिका करणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांना हे पटेना. तर्काने चालणारा व्हल्कन गुंडासारखा दस्ता कशाला हाणेल? त्यांनी मानेजवळ बोटांनी दाबून माणूस बेशुद्ध पाडण्याची युक्ती सुचवली. पुढच्या वर्षी ‘अमोक टाइम’साठी व्हल्कनांचं अभिवादन हवं होतं, तेव्हा बोस्टनच्या सिनेगॉगमध्ये लहानपणी पाहिलेली यहुदी पुरोहितांची आशीर्वादाची मुद्रा त्यांना आठवली: दोन-दोन बोटं जोडलेली, मधे फट. टीपाऊ या व्हल्कन स्त्रीची भूमिका करणाऱ्या सेलिया लव्हस्की यांना ती फट काही केल्या जमेना. नसेल जमत तर नसू द्या. शाळेच्या मैदानात मुलं ज्यावरून पैज लावतील, असंच काहीतरी हवं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं, तेव्हा इंग्रजी न समजणाऱ्या पोरालाही ती बोटं करून बघता यायची.

भाषेवर फार वेळ घालवू नका. ‘स्टार ट्रेक’च्या १९७९ च्या चित्रपटातले क्लिंगॉन जमातीचे मोजके शब्द मालिकेत स्कॉटीचं काम करणाऱ्या जेम्स डूहान यांनी रचले होते. मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने त्यावरून पुरी भाषा उभी केली ती तिसऱ्या चित्रपटासाठी, १९८४ मध्ये. व्याकरणाआधी क्लिंगॉन गाजले होते.

चौथ्या पायरीवर बहुतेक जमाती मरतात. एव्हाना नियम आहे, शरीर आहे, खूण आहे, आणि सगळे सभासद एकाच साच्यातले झालेत. आता त्यांच्यातच भांडण लावा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण फेरेंगी. १९८७ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या मालिकेत, ‘द नेक्स्ट जनरेशन’मध्ये, ते भयंकर शत्रू म्हणून आले, हातात चाबूक, अंगात माकडउड्या, आणि कुणी घाबरलंच नाही. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेने त्यांना वाचवलं. नियम तोच ठेवला, नफा हाच धर्म. पण एक कुटुंब दिलं. क्वार्क बार चालवतो आणि परंपरा मानतो. त्याचा भाऊ रॉम त्याच बारमध्ये राबतो. आजारपणाची रजासुद्धा मिळत नाही म्हटल्यावर तो कामगार संघटना काढतो, संप करतो आणि चक्क मार्क्सचं वचन ऐकवतो. रॉमचा मुलगा नॉग धंदा सोडून स्टारफ्लीट या अंतराळदलात जातो. नफ्याची पोथी मानणाऱ्या समाजात संप म्हणजे काय उलथापालथ, हे क्वार्कच्या तोंडावरच्या धक्क्यातून कळतं. फेरेंगींच्या कानांचा आकार मला आजही थोडा बालिश वाटतो, पण त्या तिघांचं बोलणं सुरू झालं की कानांकडे लक्ष जात नाही. तेव्हा प्रत्येक जमातीसाठी किमान तिघं लिहा: नियम पाळणारा, मोडणारा आणि पाळता पाळता दमलेला.

पाचवी पायरी हात आवरण्याची. ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या १९८९ मधल्या ‘क्यू हू’ या भागात बोर्ग या अर्धयांत्रिक जमातीतला पहिला जण जहाजाच्या इंजिन विभागात येतो तो कुणाकडे वळूनही बघत नाही. यंत्रापाशी जातो आणि चाचपायला लागतो. त्याला मारतात. दुसरा येतो, तेव्हा तेच शस्त्र त्याच्यावर चालत नाही. तो मेलेल्या सोबत्याचे काही भाग उपसून घेतो आणि निघून जातो. राग नाही, भाषण नाही. १९९६ च्या चित्रपटात त्यांना एक राणी दिली गेली, बोलणारी आणि भुरळ घालणारी. अभिनय उत्तम होता, पण ज्या शत्रूशी बोलताच येत नव्हतं त्याच्याशी आता बोलता येऊ लागलं. ‘व्हॉयेजर’ मालिकेत ते वरचेवर भेटत राहिले आणि धाक आणखी ओसरला. खुलाशांचंही तसंच आहे. जुन्या क्लिंगॉनांचं कपाळ सपाट का होतं, असं १९९६ च्या एका भागात विचारल्यावर वॉर्फ हा क्लिंगॉन अधिकारी म्हणतो, आम्ही बाहेरच्यांशी त्यावर बोलत नाही. २००५ मध्ये त्याचं विषाणूबिषाणूंचं स्पष्टीकरण दोन भाग खर्चून दिलं गेलं. मला वॉर्फचं उत्तर पुरेसं होतं.

आता चाचणी. संवादांवरची पात्रांची नावं झाका आणि गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला ती पानं वाचायला द्या. परग्रहवासी कोणता, हे त्याला ओळखता आलं पाहिजे. मग तालमीच्या खोलीत नटाला साध्या कपड्यांत, एक टेबल आणि एक खुर्ची देऊन उभा करा आणि तुमचं पहिलं वाक्य करून दाखवायला सांगा. जमलं तर रंगभूषाकाराला बोलवा. त्याला चित्र देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: मुखवट्यातून भुवया हलतील का, ऐकू येईल का, आणि जेवणाच्या सुट्टीत नटाला तोंड उघडून घास घेता येईल का.