कॅसेटवरचे १४४०, पडद्यावरचे १९२०

लग्नाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देण्याचे काम आपले अनेक व्हिडिओवाले बांधव करतात. एचडीव्ही कॅसेटीत कधीकधी नवरा-नवरी उगाच बारीक दिसतात आणि गिऱ्हाईक पैसे अडवते. दोष कॅमेऱ्याचा नसतो. २००३ साली जाहीर झालेल्या या पद्धतीत १०८० ओळींच्या चित्राची रुंदी १९२० ऐवजी १४४० ठिपक्यांत साठवतात. प्रत्येक ठिपका उंचीच्या १.३३ पट रुंद धरायचा असतो. सॉफ्टवेअरने तो चौरस धरला की चित्र आक्रसते. प्रमाण १.३३ निवडले की चेहरे भरून येतात. तपशील मात्र पाऊणच राहतो, म्हणून ‘फुल एचडी करून देतो’ सांगून जादा दर लावणे आम्हाला पटत नाही. ७२० ओळींच्या एचडीव्हीला हा नियम लावू नका. तिथे ठिपका चौरसच असतो.