सार्वजनिक कामाचा हिशेब व ग्रामसभा

शेतकरी आपल्या मळ्यात विहीर खोदावयास देतो, तेव्हा खोली व रुंदी अगोदर ठरवितो, काम चालू असता बांधावर उभा राहतो आणि पैसे देण्यापूर्वी दोरी टाकून मोजून घेतो. त्यात त्याला कोणी संशयखोर म्हणत नाही. तोच शेतकरी गावच्या नाल्याचे खोलीकरण किंवा पाणंद रस्त्याचे काम चालू असता मात्र बाजूने निघून जातो; कारण ते काम ‘सरकारी’ आहे अशी त्याची समजूत असते. वस्तुतः तो पैसा त्याचाच आहे. घरपट्टी, पाणीपट्टी व बाजारातील प्रत्येक खरेदीवरील कर यांतूनच तो उभा राहतो. शिवाय बंधारा उथळ झाला तर नुकसान दुहेरी होते; पैसाही जातो आणि रब्बीच्या हंगामात विहिरींना पाणीही राहत नाही. यास्तव सार्वजनिक खर्चाची तपासणी हे शेतीच्या व्यवहाराचेच एक अंग समजले पाहिजे.

कायद्याने दिलेला अधिकार

बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. त्यानंतर महाराष्ट्रात १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. ग्रामपंचायतींचा कायदा त्यापूर्वीच, १९५८ साली झालेला होता. पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता या कामांसाठी राखून ठेवली आणि उरलेली ४० टक्के रक्कम स्थानिक गरजेनुसार खर्च करण्यास मोकळी ठेवली. अशा रीतीने निर्णय गावाजवळ आला. त्याबरोबर हिशेब विचारण्याची जबाबदारीही गावाकडे आली.

या संस्थांच्या हिशेबांची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाकडून होते. तथापि लेखापरीक्षक मुख्यत्वे कागद पाहतो आणि तोही काम संपल्यानंतर काही काळाने. नाल्यात खरोखर किती माती निघाली, हे त्या वाटेने रोज जाणाऱ्या माणसाला जितके ठाऊक असते तितके कागदावरून कळणे कठीण. म्हणून दोन्ही तपासण्यांची आवश्यकता आहे. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

राजस्थानातील अनुभव

या बाबतीत राजस्थानातील ग्रामस्थांचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे मजदूर किसान शक्ती संघटना १९९० साली स्थापन झाली. दुष्काळी कामांवरील मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नाही, अशी मूळ तक्रार होती. हजेरीपट दाखवा, अशी मागणी केली असता ते कागद गोपनीय असल्याचे उत्तर मिळे. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी भरली. मिळालेले हिशेबाचे कागद गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखविण्यात आले. अशा सुनावण्यांतून कामावर न आलेल्यांची नावे हजेरीपटावर असल्याचे व अपुरी कामे पूर्ण म्हणून नोंदल्याचे उघड झाले. १९९६ साली ब्यावर येथे हिशेबाच्या प्रती मिळाव्यात म्हणून चाळीस दिवस धरणे चालले. या चळवळीचा आणि महाराष्ट्राच्या २००२ च्या माहिती अधिकार कायद्याचा पुढील फलितार्थ म्हणजे २००५ चा केंद्रीय माहिती अधिकार कायदा होय. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कागद व काम ही जोपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी असतात, तोपर्यंत चूक झाकली जाते; ती दोन्ही गावासमोर एकत्र आणली की ती झाकणे कठीण होते.

ग्रामसभेपुढे काय यावे

महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. आर्थिक वर्षातील पहिल्या सभेपुढे मागील वर्षाच्या जमाखर्चाचे विवरण, कारभाराचा अहवाल, चालू वर्षातील विकासकामांचा कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणातील आक्षेप व त्यांना दिलेली उत्तरे मांडावयाची असतात. आक्षेप व उत्तरे वाचून दाखविण्याचा आग्रह गावकऱ्यांनी अवश्य धरावा. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. नळाला पाणी किती वेळ येते व शौचालयाचे काम कसे झाले, याची खरी माहिती बहुधा याच सभेत मिळते.

कोणते कागद पाहावेत

प्रथम काम कोणत्या कार्यालयाचे आहे, याची खात्री करून घ्यावी. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, कृषी विभाग किंवा मृद व जलसंधारण विभाग यांपैकी ज्याचे काम असेल, त्याच्याकडेच कागद असतात. त्यानंतर पुढील चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. अंदाजपत्रक : कामाची जागा, लांबी, रुंदी, खोली व दर.
२. कार्यारंभ आदेश : काम कोणास व किती मुदतीत दिले.
३. मोजमाप पुस्तिका : प्रत्यक्ष किती काम झाले म्हणून नोंद झाली.
४. प्रमाणके व रोकडवही : किती रक्कम, कोणास व कोणत्या तारखेस दिली.

मजुरांकडून काम झाले असल्यास हजेरीपटही पाहावा. या कागदांतील आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, हे पाहण्यास विशेष शिक्षण लागत नाही.

प्रत्यक्ष मोजणी

उदाहरणासाठी १०० मीटर लांबीच्या नाल्याचे खोलीकरण झाले आहे, असे समजू. वरची रुंदी ६ मीटर, तळाची ४ मीटर व खोली १.५ मीटर आहे. दोन्ही रुंदींची सरासरी ५ मीटर येते. म्हणून खोदकाम १०० × ५ × १.५ = ७५० घनमीटर झाले. एखाद्याने चुकून किंवा हेतुतः वरचीच रुंदी धरली, तर तेच खोदकाम ९०० घनमीटर दिसेल. फरक १५० घनमीटरांचा. एका घनमीटरात एक हजार लिटर पाणी मावते. म्हणजे कागदावर दीड लाख लिटर पाण्याची जागा अशी आहे की, जी जमिनीवर नाही. तिचे पैसे मात्र दिले जातात.

रुंदी व खोली एकाच ठिकाणी न मोजता दर दहा ते वीस मीटरांवर मोजून सरासरी घ्यावी. मूळचा नाला किती खोल होता, हे काम सुरू होण्यापूर्वीच दोन-चार साक्षीदारांसमोर मोजून लिहून ठेवावे; अन्यथा नवे खोदकाम किती, हे नंतर ठरविता येत नाही. मोजणी पावसाळ्यापूर्वी व्हावी. एकदा पूर येऊन गाळ बसला की उथळ झालेला नाला मुळातच उथळ होता की गाळाने भरला, हे सांगणे अवघड होते.

माहिती न मिळाल्यास

कागद सहज न मिळाल्यास माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील व त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. या कायद्याने कागदांच्या प्रतींप्रमाणेच प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा व वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिला आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अर्ज मोघम नसावा. ‘सर्व कामांची सर्व माहिती’ असे न लिहिता कामाचे नाव, वर्ष व हवे असलेले कागद यांचा स्पष्ट उल्लेख करावा.

तपासणीची मर्यादा

मोजणीत फरक आढळला म्हणजे अपहार सिद्ध झाला, असे समजू नये. अंदाजपत्रकात मध्येच बदल झालेला असू शकतो, किंवा कठीण खडक लागल्याने खोली कमी ठेवावी लागलेली असते. म्हणून प्रथम संबंधित अधिकारी व सरपंच यांना ग्रामसभेत खुलासा करण्याची संधी द्यावी. खुलासा समाधानकारक नसल्यास तसा ठराव इतिवृत्तात नोंदवून गटविकास अधिकाऱ्याकडे व आवश्यक तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे लेखी पाठवावे. निवडणुकीतील वैर काढण्यासाठी केलेली तपासणी गावाच्या उपयोगी पडत नाही. प्रतिपक्षाच्या कामाला जी फूटपट्टी लावली, तीच स्वपक्षाच्या कामालाही लावली पाहिजे.

अशी तपासणी नियमित होऊ लागली म्हणजे तिचा लाभ प्रामाणिक सरपंचास व कर्मचाऱ्यासही होतो. कारण विनाकारण उठणाऱ्या प्रवादास लेखी उत्तर त्यांच्या हाती राहते. प्रत्येक गावाने येत्या उन्हाळ्यात निदान एक काम निवडावे, त्याचे अंदाजपत्रक मागून घ्यावे, पाच-सात स्त्री-पुरुषांनी फीत घेऊन ते मोजावे आणि आलेले आकडे पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावेत. प्रारंभ एवढाच पुरेसा आहे.