मावळातील डोंगरपायथ्याची माती
(इयत्ता ६ वी व ७ वी : भूगोल व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

पाठाचा हेतू

मातीचे प्रकार मुलांस तोंडपाठ येतात. काळी, तांबडी, जांभी, गाळाची ही नावे ती क्रमाने सांगतात. परंतु त्याच मुलांस शाळेमागील बांधावर उभे करून, ‘पायाखालची ही माती कोणती व ती येथे कशी आली?’ असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. मातीचे नाव ठाऊक असणे व माती ओळखता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोणतीही माती ओळखावयाची तर तिला तीन प्रश्न विचारावे लागतात : ती कोणत्या खडकापासून झाली? तिला येथे कोणी आणले? आणि पाण्याने तिचे पुढे काय केले? हे तीन प्रश्न मुलांच्या अंगवळणी पाडणे, हा या पाठाचा हेतू होय. मावळासारख्या डोंगराळ भागात यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ परीक्षेपुरते उपयोगी नसून, गावाच्या सुरक्षिततेशीही त्याचा संबंध पोहोचतो.

तुलनेसाठी एक दूरची माती

कॅनडा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग, स्वीडन, पोलंड, जर्मनीचा उत्तर भाग या प्रदेशांत शेतीची पुष्कळशी जमीन हिमोढापासून झालेली आहे. शेवटच्या हिमयुगात हे प्रदेश बर्फाच्या प्रचंड थराखाली होते. बर्फ हळूहळू सरकताना खालचा खडक खरवडत असे. त्याचे पीठ, वाळू, गोटे व मोठमोठे धोंडे आपल्याबरोबर नेत असे. पुढे हवामान उबदार होऊन बर्फ मागे हटू लागला, तेव्हा हे सारे मिश्रण जागच्या जागी पडून राहिले. तोच हिमोढ होय.

वाहते पाणी आपला भार निवडून टाकते. जड गोटे आधी, वाळू त्यानंतर व बारीक गाळ सर्वांत शेवटी, असा त्याचा क्रम असतो. बर्फ अशी निवड करीत नाही. म्हणून हिमोढात धोंडा व चिकणमाती एकमेकांस चिकटून सापडतात. अशा हिमोढावर वाळू, गाळकण व चिकणमाती यांचे बेताचे मिश्रण असलेली, म्हणजे पोयट्याची, माती अनेक ठिकाणी तयार झाली आहे. तिच्यात ओल टिकते, मुळांस हवा मिळते व ताज्या दळलेल्या खडकातील पोषक द्रव्येही असतात. मात्र खालचा थर पुष्कळदा बर्फाच्या भाराने दडपून घट्ट झालेला असतो, त्यामुळे पाणी लवकर झिरपत नाही. थंडीत जमीन गोठते व सैल होते, तसे खालचे दगड वर येत राहतात. तेथील शेतकऱ्यांस ते वारंवार वेचून काढावे लागतात.

महाराष्ट्रात हिमनद्या कधीच नव्हत्या, असे मात्र मुलांस सांगू नये. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ जुन्या चुनखडकावर बर्फाने ओढलेल्या दगडांचे ओरखडे आढळले आहेत व त्यावर धोंडेमिश्रित थर आहे. हा थर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा, तालचेर नावाच्या खडकांपैकी आहे. मावळातील खडक त्याहून कितीतरी नंतरचा असून त्याच्या जन्माशी बर्फाचा काहीही संबंध नाही.

मावळचा खडक आणि मावळचा पाऊस

लोहगड, विसापूर, कार्ले आणि भाजे येथील डोंगर ज्या काळ्या खडकाचे आहेत, तो बेसाल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर आलेला लाव्हा थरावर थर पसरत जाऊन हे पठार बनले. सह्याद्रीचे कडे दुरून पायऱ्यांसारखे दिसतात, ते या थरांमुळेच. मावळातील बहुतेक सर्व मातीचा मूळ खडक हा एकच आहे. ‘कोणत्या खडकापासून?’ या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे म्हणून सोपे आहे.

खडक एक असूनही माती एक नाही, याचे मोठे कारण पाऊस. घाटमाथ्यावरील लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे ६५ किलोमीटर पूर्वेस असलेल्या पुण्यास तो ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक फार थोड्या प्रदेशांत पाहावयास मिळतो. बेसाल्टमध्ये लोह, चुना व मॅग्नेशियम यांची संयुगे असतात. लोणावळ्याच्या पावसात चुना व मॅग्नेशियम विरघळून वाहून जातात. लोह मागे राहते व गंजते. म्हणून तेथील माती तांबूस, किंचित आम्लधर्मी व चुन्याने गरीब असते. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो, तसा चुना मातीत टिकून राहतो व सखल जागी चिकण, काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आढळू लागते.

पायथ्याच्या मातीचे फसवे रूप

डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याच्या किंवा ओढ्याच्या कापात माती पाहिली, तर तांबूस पोयट्यात लहानमोठे दगड कशाही रीतीने रुतलेले दिसतात. वर मोठे व खाली लहान असा कोणताही क्रम त्यांत नसतो. हिमोढाचे चित्र पाहिलेला विद्यार्थी ‘ही माती बर्फाने आणली’ असे म्हणाल्यास त्याचे निरीक्षण चुकलेले नाही. अनुमान मात्र चुकले आहे. ही माती उतारावरून आली आहे. पावसाचे पाणी व मातीचे स्वतःचे वजन यांनी ती वरून खाली आणली. काही हळूहळू सरकत आली, तर काही एखाद्या मुसळधार पावसात एकदम कोसळली. एकदम कोसळणारी दरडही बर्फाप्रमाणेच निवड करीत नाही. रूप सारखे दिसते, ते या कारणाने.

दोहोंतील भेद मुलांस पुढील खुणांवरून दाखविता येतो.

१. हिमोढात दूरदूरच्या अनेक जातींचे दगड एकत्र सापडतात. मावळातील पायथ्याचे दगड फोडून पाहिले, तर ते सर्व वरच्याच डोंगराचे, म्हणजे बेसाल्टचे निघतात.

२. हिमोढातील काही दगडांवर घासल्याचे समांतर ओरखडे असतात. येथील दगडांवर तसे नसतात.

३. येथे गोल दगड सापडला, म्हणजे तो वाहून गोल झाला, असे समजू नये. बेसाल्टच्या फटींत पाणी शिरून दगडाचे कोपरे आधी कुजतात व कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थर सुटत जाऊन आत गोल गाभा उरतो. रस्त्याच्या कापात असे पापुद्रे सुटणारे दगड मुलांस सहज दाखविता येतील.

उतारावरून खाचरापर्यंत

डोंगरमाथा ते नदीकाठ अशी एक सरळ वाट धरून चालल्यास मातीची सारी कथा क्रमाने वाचता येते. माथ्यावर व उतारावर माती उथळ, मुरमाड असते. बोटभर खोदले की खडक लागतो. ही वरकस जमीन नाचणी, वरई यांच्या उपयोगाची. पायथ्याशी दगडमिश्रित पोयटा जाड होत जातो. त्याखाली बांध घालून पायरीपायरीने केलेली भातखाचरे लागतात. वरून आलेली बारीक माती या बांधांनी शतकानुशतके अडविली. म्हणून खाचराची माती निसर्गाइतकीच शेतकऱ्याच्या हाताचीही आहे, हे मुलांच्या मनावर ठसवावे. सर्वांत खाली, इंद्रायणी व पवना यांच्या काठी, पाण्याने निवडून टाकलेली गाळाची मळई येते. तिच्यात दगड जवळजवळ नसतात.

भात निघाल्यावर खाचरात वीतभर खोल खड्डा खणून मातीचे ढेकूळ फोडावे. करड्या मातीत गंजाच्या रंगाच्या रेषा व ठिपके दिसतील. पुष्कळदा ते भाताच्या मुळांभोवती असतात. चिखलणीनंतर पाणी साठून राहते, तेव्हा मातीस हवा मिळत नाही व लोहाचा तांबडा रंग नाहीसा होतो. मुळांवाटे जेथे हवा पोहोचते, तेथे लोह पुन्हा गंजते. आंबेमोहर किंवा १९८७ साली प्रसारित झालेली इंद्रायणी ही भाताची जात ज्या शेतात पिकते, त्या शेताची ही सही होय. मुलांनी रोज पाहिलेल्या शेतात तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे पाण्याने मातीचे काय केले याचे, उत्तर असे लिहिलेले असते.

वर्गात करावयाचे प्रयोग

पहिला प्रयोग : उतार, पायथा, खाचर व नदीकाठ अशा चार ठिकाणची माती आणावी. खडे वेचून काढून प्रत्येक नमुना काचेच्या सरळ बाटलीत एकतृतीयांश भरावा. वर पाणी व चिमूटभर धुण्याचा सोडा घालून पाच मिनिटे हलवावे व बाटली स्थिर ठेवावी. साधारण एका मिनिटात वाळू तळाशी बसते. पुढील काही तासांत गाळकण बसतात. चिकणमातीस एक दिवस किंवा अधिक काळ लागतो. कागदाची पट्टी चिकटवून थरांची उंची मोजावी व चारही बाटल्यांची तुलना करावी.

दुसरा प्रयोग : ओली माती मुठीत दाबून गोळा करावा व तळहातावर तिची वळी वळावी. रेताड मातीचा गोळा टिकत नाही. पोयट्याचा गोळा होतो, परंतु वळी लवकर तुटते. चिकणमातीची लांब वळी होते.

तिसरा प्रयोग : एका फळीवर कोरडी माती पसरून फळीचे एक टोक हळूहळू उचलावे व माती कोणत्या उंचीस घसरते ते पाहावे. नंतर किंचित ओली माती व शेवटी पाण्याने पूर्ण भरलेली माती घेऊन तेच करावे. किंचित ओल मातीचे कण धरून ठेवते. अतिरिक्त पाणी तीच पकड सोडविते, हे मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.

या पाठाचे गावाशी नाते

तिसऱ्या प्रयोगाचा अर्थ मुलांस नीट समजावून देणे, हे शिक्षकाचे विशेष कर्तव्य आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातीलच आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखालील खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर तसाच प्रसंग आला; मृत व बेपत्ता मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. दोन्ही ठिकाणी दिवसचे दिवस पाऊस लागून राहिला होता. पायथ्याची दगडमिश्रित माती वरून आली आहे, हे ज्यास कळले, त्यास ती पुन्हाही येऊ शकेल, हे निराळे सांगावे लागत नाही.

म्हणून पुढील खुणा मुलांकडून वहीत लिहून घ्याव्यात व घरी वाचून दाखविण्यास सांगावे : उताराच्या जमिनीस नवी भेग पडणे, झाडे किंवा खांब कलणे, घराची दारे एकाएकी घट्ट बसणे, नव्या जागी झरा फुटणे, ओढ्याचे पाणी अकस्मात गढूळ होणे किंवा आटणे. यांपैकी काहीही मुसळधार पावसात दिसल्यास उताराखालून आधी बाजूस व्हावे आणि त्यानंतर ग्रामपंचायतीस व तहसील कचेरीस कळवावे. मुलांनी भेग पाहण्यासाठी जवळ जाऊ नये. डोंगराचा पायथा घरासाठी किंवा रस्त्यासाठी सरळ उभा कापणे व पाण्याची जुनी वाट बुजविणे या गोष्टी धोका वाढवितात, हेही त्यांस सांगावे. भय उत्पन्न करणे हा यातील उद्देश नसून, डोळस करणे हा आहे.

सूचना व स्वाध्याय

क्षेत्रभेट भात कापणीनंतर, कोरड्या ऋतूत काढावी. पावसाळ्यात मुलांस कापाखाली नेऊ नये. शेतात खड्डा खणण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी व तो पूर्ववत बुजवावा. परत आल्यावर मुलांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१. आपल्या गावातील चार ठिकाणच्या मातीचा रंग, दगड व वळी यांचा तक्ता तयार करा.
२. पायथ्याची माती बर्फाने आणलेली नाही, हे कोणत्या दोन पुराव्यांवरून ठरविता येईल?
३. खाचराचे बांध एका पावसाळ्यात दुरुस्त केले नाहीत, तर वरच्या व खालच्या शेताच्या मातीचे काय होईल? घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारून लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते गावातील वृद्ध शेतकऱ्यांपाशी आहे. मूल ते विचारावयास गेले व ऐकून आले, म्हणजे पाठ सफल झाला असे शिक्षकाने समजावे.