वृक्षच्छायेतील बाग

घराच्या आवारात एखादा जुना आंबा किंवा बकुळ असला, की त्याखालची जागा बहुधा ओसाड राहते. हिरवळ लावावी तर ती विरळ होत जाते. गुलाब लावावा तर तो फुलत नाही. मग दोष सावलीला दिला जातो आणि झाड तोडण्याचा विचार मनात येतो. वास्तविक अरण्यात अशाच सावलीत नेचे, आले-हळदीच्या कुळातील वनस्पती, वेली आणि लहान झुडुपे सुखाने वाढतात. अरण्याची ही रचना समजून घेतल्यास ती घराभोवतीही लहान प्रमाणात साधता येते.

मात्र इंग्रजी उद्यानग्रंथांतील नियम आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इंग्लंडमधील पानझडी वृक्ष हिवाळ्यात निष्पर्ण असतात. त्यांना दाट पालवी येण्यापूर्वी जमिनीवर कोवळे ऊन पोहोचते आणि तेवढ्या अवधीत स्नोड्रॉप, ब्लूबेल यांसारख्या कंदवर्गीय वनस्पती वाढून फुलतात. भारताच्या पठारी प्रदेशात याहून निराळी स्थिती असते. सागासारखा वृक्ष ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. ऊन प्रखर असते तेव्हाच छत्र नाहीसे होते. उलट पावसाळ्यात, आकाश ढगाळ असताना, सावली सर्वांत दाट असते.

यावर दोन उपाय आहेत. नेचे, हंसराज यांसारखी नाजूक रोपे आंबा, फणस, बकुळ अशा सदाहरित वृक्षांखालीच लावावीत. पानझडी वृक्षाखाली मात्र कोरड्या ऋतूत जमिनीखाली विश्रांती घेणारे कंद निवडावेत. रानहळद पावसाबरोबर वर येते व पुढे सुकून जाते. भुईचाफ्याची फुले तर पानांच्या आधी, उन्हाळ्यातच, जमिनीलगत उमलतात.

सावली फारच गडद असल्यास पावसाळ्यापूर्वी खालच्या काही फांद्या काढून ती विरळ करावी. कुर्गमधील कॉफीच्या मळ्यांत छायावृक्षांची अशी छाटणी नेहमी केली जाते. शेंडा मात्र छाटू नये.

मुळांविषयी विशेष काळजी घ्यावी. वृक्षाची अन्न शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. त्यामुळे झाडाखाली कुदळीने वाफे खणू नयेत. जाड मुळे चुकवून, त्यांच्यामधल्या जागेत खुरप्याने लहान खड्डे करावेत. बुंध्याभोवती मातीचा ओटा रचण्याची पद्धतही घातक आहे. मातीच्या जाड भरावाने मुळांना हवा मिळेनाशी होते आणि झाड काही वर्षांत हळूहळू खंगते.

राहिला प्रश्न गळालेल्या पानांचा. ती झाडून जाळण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आढळते. परंतु अरण्याला खत घालण्यास कोणी जात नाही. हा पाचोळाच त्याचे अन्न होय. तो एका खड्ड्यात साठवून त्यावर शेणकाला शिंपडावा आणि ओलावा टिकवावा. साधारण वर्षभरात काळसर, भुसभुशीत खत तयार होते. आंब्याची चिवट पाने कुजण्यास अधिक काळ लागतो. हे खत रोपांभोवती दोन-तीन बोटे जाडीचे पसरावे. बुंध्यालगत मात्र वीतभर जागा मोकळी सोडावी. त्यामुळे उन्हाळ्यात ओल टिकते, गांडुळे वाढतात आणि जमिनीचा पोत सुधारतो.

पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे लागते, कारण नवी रोपे आणि जुना वृक्ष यांची एकाच ओलाव्यासाठी स्पर्धा चालते. रोपे रुजल्यावर काम पुष्कळ कमी होते. आवारातील पाचोळा आवारातच जिरविला, की बाकीचे कार्य वृक्षच पार पाडतो.