जुन्या व्हॅनला चारही चाकांची ताकद

प्रश्न : अमेरिकेत जुनी फोर्ड ई-३५० व्हॅन घेऊन तिला फोर-व्हील ड्राइव्ह बसवता येते का? त्यात नेमके काय बदलते?

उत्तर : येते. फोर्डने ई-सीरिज कारखान्यातून कायम मागच्या चाकांवर चालणारीच विकली. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातील क्विग्लीसारख्या कंपन्यांना हे काम मिळाले. या व्हॅनची बॉडी स्वतंत्र, मजबूत चासीवर बसलेली असते, म्हणून बदल सोपा नसला तरी शक्य असतो.

पुढचे ट्विन आय-बीम सस्पेन्शन काढून त्या जागी अखंड ॲक्सल येतो. बहुधा फोर्डच्याच सुपर ड्यूटी ट्रकचा डाना ६०. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस बसते. तिथून एक शाफ्ट पुढे जातो आणि मागचा शाफ्ट आखूड करावा लागतो. स्टिअरिंगची जोडणी आणि ब्रेकच्या नळ्याही बदलतात.

पुढच्या व मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो सारखाच हवा. तो जुळला नाही, तर फोर-व्हीलमध्ये टाकताच दोन्ही एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस निकामी होऊ शकते.

या बदलाने गाडी उंच होते आणि तिचा गुरुत्वमध्यही वर सरकतो. वळणावर उलटण्याचा धोका वाढतो, इंधनही जास्त लागते.

आता कारखान्यातूनच ऑल-व्हील ड्राइव्ह असलेली फोर्ड ट्रान्झिट मिळते. बर्फाळ रस्ता आणि कच्ची वाट एवढीच गरज असेल, तर तीच घ्यावी. खडकाळ चढांवर जायचे असेल, तरच जुन्या ई-३५० वर खर्च करावा.