तीन किलोवॅटमध्ये कुठलं गाणं बसतं?

रेडिओवर कुठली गाणी लावावीत असं होस्टेलमध्ये विचारलं, तर चार विंगमधून चाळीस उत्तरं येतील. आवडीचा प्रश्न म्हटला की भांडण आलंच. पण टी.ई.च्या सेमिनारसाठी एफएमचा अभ्यास करताना माझ्या लक्षात आलं, की हा प्रश्न आवडीचा आहे तेवढाच ट्रान्समीटरचाही आहे. एका उपनगरी स्टेशनच्या उदाहरणावरून ते सांगतो.

स्टेशन कोणासाठी, कुठल्या प्रकारचं संगीत, कोणत्या क्रमानं लावणार, याची ठरलेली घडी म्हणजे फॉरमॅट. न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंड हा उपनगरांचा पट्टा आहे. तिथे १९५९ साली डब्ल्यूएलआयआर हे स्टेशन सुरू झालं. फ्रिक्वेन्सी ९२.७ मेगाहर्ट्झ, पॉवर फक्त ३ किलोवॅट. शहरातली बडी रॉक स्टेशनं मात्र एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून प्रसारण करत.

आता थोडं गणित. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ नं गुणा, की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. ३८१ मीटर उंचीच्या त्या इमारतीसाठी हे उत्तर सुमारे ८० किलोमीटर येतं. म्हणजे शहराचं स्टेशन उपनगराच्या घराघरांत खणखणीत ऐकू येणार, पण उपनगराचा आवाज शहरभर पोचणार नाही. अशा वेळी दोघंही तेच रॉक वाजवत असतील, तर छोट्याकडे कोण वळणार?

१९८२ साली प्रोग्रॅम डायरेक्टर डेनिस मॅकनमारा आणि मंडळींनी फॉरमॅटच बदलला. ब्रिटनमधून येणारं ‘न्यू वेव्ह’ संगीत त्यांनी धरलं. मोठी स्टेशनं त्याला हात लावायला बिचकत होती. इथे उपनगर असण्याचा फायदाही झाला. केनेडी विमानतळ जवळच. लंडनहून विमानानं आलेल्या ताज्या रेकॉर्ड्स उचलायच्या आणि लगेच वाजवायच्या! आठवड्याचं सर्वांत आवडतं नवं गाणं श्रोतेच मतं देऊन ठरवत. त्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘स्क्रीमर ऑफ द वीक’. डेपेश मोडसारखे बँड तिथल्या पोरांना या स्टेशनवरून माहीत झाले.

सगळं गोडच झालं असं नाही. परवान्याच्या जुन्या वादात १९८७ साली स्टेशनला ती फ्रिक्वेन्सी सोडावी लागली. फॉरमॅट कितीही चांगला असला तरी कागदपत्रं सांभाळावीच लागतात. पण त्या स्टेशनवर २०१७ साली माहितीपट निघाला, यावरून श्रोत्यांचा जीव किती होता ते कळतं.

यातून मी तीन प्रश्न काढले. आपला सिग्नल स्वच्छ कुठवर पोचतो? त्या वर्तुळात कोण राहतं? आणि त्यांना हवं असलेलं असं काय आहे, जे मोठी स्टेशनं देत नाहीत? फॉरमॅट ठरवायचा तो याच क्रमानं. आपण नेमकं उलटं करतो, आधी आवडती गाणी काढतो आणि श्रोते मागाहून शोधतो.

आपल्याकडे शैक्षणिक संस्थांना कम्युनिटी रेडिओची वाट २००२ च्या धोरणानं मोकळी झाली, आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं स्टेशन २००४ साली सुरू झालं. अशा स्टेशनांना १०० वॅटची मर्यादा असते आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक असावे लागतात. हिंदी हिट गाणी तर प्रत्येकाच्या मोबाईलवर आहेत. १०० वॅटवर तीच वाजवून आपण कोणाला ओढणार? त्यापेक्षा आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांतलं भजनी मंडळ, लग्नात वाजणारा बँड, मेसच्या मावशींच्या ओव्या, आपल्याच गॅदरिंगमधली गाणी रेकॉर्ड करा. दहा-एक किलोमीटरच्या आतलं हे संगीत दुसरं कोणीही वाजवत नाही.

काहींना हे ‘डाऊनमार्केट’ वाटेल. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे, की आपल्या गल्लीतला आवाज रेडिओवर आला तर सगळी गल्ली ऐकायला बसते. पुढच्या वेळी कॉलेजात रेडिओचा विषय निघाला, तर गाण्यांच्या यादीआधी परिसराचा नकाशा आणि कंपास घेऊन या. वर्तुळ काढू, मग भांडू!